‘तू नीज, मी घेते’ : बाळंतघरातील बोलांची समीक्षा

मराठी लोकवाङ्मयाचा विचार झाला, तो बहुधा गाणाऱ्या कंठाचा झाला. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये बायकांच्या ओव्या जमविल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडामागून खंड सिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेवल्या. या सर्वांचे ऋण मोठे आहे. परंतु जी स्त्री पहाटे जात्यावर ओवी गात असे, तीच दिवस वर आल्यावर शेजारच्या बाळंतिणीच्या बाजेपाशी जाऊन बसत असे, आणि तेथे ती गात नसे, बोलत असे. काय खावे, काय टाळावे, मूल रडू लागले तर कसे धरावे, दूध उतरले नाही तर काय करावे, हे ती सांगत असे. या बोलण्याला चाल नव्हती, यमक नव्हते. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. वैद्यकाने लक्ष दिले, पण ते बहुधा चुका शोधण्यापुरते.

या लेखात आम्ही हे बोल वाङ्मय म्हणून वाचू इच्छितो. वाङ्मयाला जे प्रश्न विचारावयाचे तेच येथेही विचारावे लागतील : कोण बोलते, कोणाशी बोलते, कोणत्या अधिकाराने बोलते आणि बोलून झाल्यावर काय करते? यांपैकी शेवटचा प्रश्न समीक्षेत सहसा विचारला जात नाही. बाळंतघरात मात्र तोच पहिला ठरतो.

ज्या भूमीवर हे बोल आमच्या कानी पडले, तिची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. नाशिकहून सावळघाटाने पेठेकडे जाऊ लागले की द्राक्षबागांचा सधन मुलूख मागे पडतो आणि डोंगरउतारावरची नागलीची, वरईची, खुरासणीची शेते दिसू लागतात. पेठ तालुका गुजरातच्या सीमेला टेकलेला आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली हे येथील प्रमुख समाज. पावसाळ्यात आभाळ फाटल्यागत पाऊस कोसळतो, आणि तेच पाणी उन्हाळ्यात हंडाभर मिळावे म्हणून बायकांना डोंगर उतरावा लागतो. भात-नागली घरात आली की कित्येक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जातात. बाळंतिणीला दिल्या जाणाऱ्या सल्ल्याचा विचार या पाण्याला आणि या मजुरीला वगळून करता येत नाही, हे पुढे दिसेल.

आषाढातील एका दुपारी तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही गेलो होतो. घरात पहिलटकरीण होती. मूल दोन दिवसांचे. सरकारी दवाखान्यातून त्याच सकाळी घरी आणलेले. आशीर्वादाची प्रार्थना म्हणून निघावे, तो पावसाने वाट अडविली. आम्ही ओसरीवर बसून राहिलो. आत पाच-सहा बायका जमल्या होत्या, आणि कुडाच्या भिंतीला गुपित राखता येत नाही. दोन तास आम्ही ऐकत होतो. पुढे त्या घरच्या आजीला विचारून, तिने हसून मान हलविली तेव्हाच, हे लिहावयास घेतले.

त्या दोन तासांतील बोलण्याचे आम्हांस तीन प्रकार दिसले. ते वाक्यरचनेवरूनच वेगळे करता येतात.

पहिला प्रकार ‘नये’चा. बाळंतिणीने गार पाणी पिऊ नये. बाळंतिणीने वाऱ्यावर बसू नये. पहिला चीक बाळाला पाजू नये. मराठीतील ही विध्यर्थी नकाराची रचना मोठी विलक्षण आहे. तिच्यात बोलणारी व्यक्ती कोठेच नसते. जिला सांगावयाचे तीही नसते. ‘तू’ नसते, ‘बाळंतीण’ ही एक जात तेवढी असते. कोणी ठरविले, कधी ठरविले, न पाळल्यास काय होईल, यांपैकी काहीच वाक्यात सापडत नाही. वाक्य जणू भिंतीतून येते. म्हणूनच त्याला उलट विचारता येत नाही. सासूला विचारावे तर ती म्हणेल, हे माझे नव्हे, रीतच आहे.

दुसरा प्रकार ‘आमच्या वेळी’चा. हा कथनाचा प्रकार होय. आमच्या वेळी पाचव्या दिवशी आवणीला उभे राहिलो. आमच्या वेळी दवाखाना नव्हता, सुईणच सगळे करी. यात निदान बोलणारी स्त्री प्रत्यक्ष हजर असते, तिचे आयुष्य असते. पण हे शस्त्र दुधारी आहे. याच वाक्याने धीर देता येतो : मी निभावले, तूही निभावशील. आणि याच वाक्याने टोचताही येते : मी निभावले, मग तुझेच काय एवढे? शब्द तेच, फरक आवाजाचा आणि बोलणारीच्या हातांचा. हात त्या वेळी काय करीत आहेत, यावर कथेचा अर्थ ठरतो.

तिसरा प्रकार त्या दुपारी एकदाच ऐकू आला. मूल किरकिरू लागले, आणि घरातील आजीचा आवाज आला : ‘तू नीज, मी घेते.’ चार शब्दांचे हे वाक्य. त्यात ‘तू’ आहे आणि ‘मी’ही आहे. पहिल्या अर्ध्या भागात सल्ला आहे, दुसऱ्या अर्ध्यात त्या सल्ल्याची किंमत आहे, आणि ती किंमत बोलणारीने स्वतः चुकती केलेली आहे. आमच्या मते बाळंतघरातील वाङ्मयाचा हा सर्वोच्च प्रकार होय. ‘निजावे’ असे सांगणाऱ्या शंभर जणी भेटतील; निजता यावे म्हणून मूल उचलणारी विरळा.

या ठिकाणी आमचा एक जुना दोष आम्हांस कबूल केला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी, पुरोहितदीक्षा होऊन फार काळ लोटला नव्हता तेव्हा, मातांच्या एका मेळाव्यात आम्ही मोठ्या आवेशाने बोललो होतो. बाळंतिणीने सव्वा महिना विश्रांती घ्यावी, जड उचलू नये, सकस खावे, मनात चिंता आणू नये. वाक्ये सुडौल होती. मेळावा संपल्यावर तान्हे मूल पाठीशी बांधलेली एक तरुण स्त्री पुढे आली आणि अत्यंत शांतपणे म्हणाली, ‘फादर, सव्वा महिना पाणी कोण भरील?’ तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारीत होती. आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमची सारी वाक्ये ‘नये’च्या घराण्यातली होती, हे तेव्हा कळले नाही, ती आपल्याला पाळता येत नाहीत याचे ओझे मात्र तिच्या डोक्यावर एका हंड्याने वाढले होते, एवढे कळले. जो सल्ला पाळणे शक्य नाही तो सल्ला राहत नाही; तो दोषारोप होतो.

आता एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. माया म्हणजे सत्य नव्हे. ज्या आजीने ‘तू नीज, मी घेते’ म्हटले, त्याच आजीने तासाभरापूर्वी ‘पहिला चीक पाजू नये’ असेही म्हटले होते. पहिल्या दिवसांतील ते घट्ट पिवळसर दूध म्हणजे रोगप्रतिकारक द्रव्यांचा साठा. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, हे वैद्यकाचे आजचे सर्वमान्य मत आहे. त्या घरी दोन दिवस बाळाला गुळाचे पाणी चाटविले जात होते. अन्यत्र मध चाटवितात; वर्षाच्या आतील बाळाला मधातून प्राणघातक विषबाधा होऊ शकते. नाळेला शेण-माती लावण्याच्या चालीने किती अर्भके धनुर्वाताने गेली असतील, याची गणती नाही. मातेचा व नवजात अर्भकाचा धनुर्वात आपल्या देशातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले, ते २०१५ साली. प्रेमळ मुखांतून आलेले चुकीचे शब्द प्रेमळ असतात, पण चुकीचेच असतात.

उलट, सगळेच जुने बोल चुकीचे होते असेही नव्हे. बाळाचे डोके झाकून ठेव, त्याला अंगाशी घेऊन नीज, हा म्हाताऱ्यांचा आग्रह असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथील डॉक्टरांनी कमी वजनाच्या बालकांसाठी आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली आणि ती जगभर मान्य झाली. बाळंतिणीला नागलीची पेज द्यावी, हा पेठेकडचा बोल. नागलीत तांदळाच्या कित्येक पट चुना असतो. हळिवात लोह असते. तेव्हा या वाङ्मयाची प्रत लावताना जुने-नवे ही कसोटी उपयोगाची नाही. एक-एक बोल हाती घेऊन पारखावा लागतो.

पारखण्याचे हे काम महाराष्ट्रात प्रथम ज्यांनी मनावर घेतले, त्यांत आनंदीबाई जोशी यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या, आणि १८८६ साली फिलाडेल्फियात त्यांनी पदवी घेतली तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. घरातील बोलांची त्यांनी टवाळी केली नाही, अभ्यास केला. पुढे शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. राणी बंग यांच्या पुस्तकाचे नाव ‘कानोसा’ आहे, आणि ते नावच एक समीक्षा आहे. सांगण्यापूर्वी ऐकावे लागते.

गडचिरोलीत जे घडले ते आमच्या विषयाच्या गाभ्याशी भिडते. ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची निगा शिकविली गेली. त्या घरी जात, बाळाचे वजन करीत, ऊब देण्यास व दूध पाजण्यास शिकवीत, श्वासाचा आजार ओळखून औषध देत. तीन वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास उतरले, आणि हा वृत्तान्त १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. झारखंड-ओडिशाच्या तीन जिल्ह्यांत ‘एकजूट’ या संस्थेने आणखी वेगळी वाट धरली. तेथे बायकांचे गट दर महिन्याला जमत, गोष्टींतून व चित्रांतून आपल्याच बाळंतपणांविषयी बोलत आणि उपाय आपणच ठरवीत. २००५ ते २००८ या तीन वर्षांत त्या गावांतील नवजात मृत्यू इतर गावांच्या तुलनेत सुमारे ३२ टक्क्यांनी कमी भरले. या यशात औषधाचा व प्रशिक्षणाचा वाटा आहेच. पण ते सारे ज्या मुखातून बाळंतिणीपर्यंत पोचले, ते शेजारणीचे मुख होते, हे समीक्षकाने नजरेआड करू नये.

सधन देशांतही हीच कथा दिसते. १९५६ साली अमेरिकेत, शिकागोजवळच्या एका उपनगरात, सात कॅथलिक मातांनी एकत्र येऊन ‘ला लेचे लीग’ची स्थापना केली. त्या काळी तेथे बाटलीचे दूध हेच शास्त्रशुद्ध मानले जात होते आणि अंगावर पाजू इच्छिणाऱ्या आईला सांगणारे कोणी उरले नव्हते. या सात जणींनी नव्या आयांना घरी बोलाविले आणि जे स्वतः केले ते दाखविले. म्हणजे तेथे चूक दवाखान्याकडे होती आणि दुरुस्ती बायकांच्या बैठकीकडे. पेठेच्या पाड्यावर नेमके उलट. ज्ञान कोणत्या बाजूला आहे हे देशपरत्वे बदलते. ते बाळंतिणीच्या मनात उतरते कसे, याचे उत्तर मात्र दोन्हीकडे सारखेच दिसते.

आपल्या देशाचे आकडे हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये सुमारे ७९ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत होत होती; २०१९-२१ मध्ये ते प्रमाण सुमारे ८९ टक्क्यांवर गेले. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बालकांचे प्रमाण दोन्ही वेळा ४२ टक्क्यांच्या जवळपासच राहिले. याची कारणे अनेक असतील, शस्त्रक्रियेने होणारी बाळंतपणे हेही त्यांतील एक. पण आमच्या मनात मात्र दवाखान्याच्या भिंतीवरची पाटी येते. तासाभरात बाळाला पाजावे, असे तिच्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेले असते. मजकूर निर्दोष आहे. रचना मात्र तीच, भिंतीतून येणाऱ्या वाक्याची. आजीच्या ‘नये’ला पाटीचे ‘वे’ उत्तर देते, आणि दोन बिनमाणसांच्या वाक्यांमध्ये ती एकोणीस-वीस वर्षांची मुलगी अडकून पडते.

अलीकडे बाजारात गर्भवतींसाठी व बाळंतिणींसाठी पुस्तकांची रेलचेल आहे. त्यांतील काही माहितीने परिपूर्णही आहेत. पण समीक्षक म्हणून त्यांच्याविषयी आमची तक्रार एकच आहे : पानेच्या पाने उलटली तरी ‘मी’ सापडत नाही. आईने प्रसन्न असावे, आईने सात्त्विक खावे, आईने अमुक ऐकावे. घरात पाणी भरणारी, भाकरी थापणारी दुसरी बाई आहे हे प्रत्येक वाक्याने गृहीत धरलेले असते. आता तर सल्ला खिशातल्या फोनवरही येतो. निफाडच्या बागेच्या कडेला प्लास्टिकच्या पालात बसलेल्या पेठच्या मुलीला तो पोचतो; तिची सासू, आत्या, मावशी मात्र डोंगरावर राहिलेल्या असतात. स्थलांतराने बाळंतघर मोडले. बोल शिल्लक राहिले, हात मागे राहिले. आमच्या दृष्टीने आजच्या काळातील खरी हानी ती हीच.

आता त्या आषाढातील दुपारकडे परत येऊ. पाऊस ओसरत असताना गावची ‘आशा’ आली. घरी जाऊन नवजात बाळाची निगा पाहण्याचे काम २०११ पासून या आशा कार्यकर्त्यांकडे आले आहे. दवाखान्यातील बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी जावयाचे असते. ही आशा त्याच पाड्यावरची सून होती. तिने बाळाचे वजन केले, कपाळ व पाय चाचपले, आणि बाळंतिणीला काहीच न सांगता आजीजवळ जाऊन बसली. गुळाच्या पाण्याविषयी ती बोलली, पण आधी तिने आजीला विचारले, तुमची किती मुले, किती राहिली? आजीने सांगितले. ते आकडे येथे लिहिण्याची आमची छाती नाही. मग बराच वेळ आतून आवाज आला नाही. निघताना आशा म्हणाली, ‘मी उद्या पुन्हा येते.’ नियमाने तिला उद्या यावयाचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती गेली. आजीने वाटी बाजूला ठेवली होती आणि मूल आपल्या हातांनी सुनेच्या अंगाशी धरले होते, असे पुढे आशानेच आम्हांस सांगितले. आजीने ‘चुकले’ असे म्हटले नाही. तशी अपेक्षाही कोणी केली नाही. ‘असे धर, मी टेकू देते,’ एवढेच ती सुनेला म्हणाली. चीक पाजू नये या बोलाचा त्या घरात असा शेवट झाला. तो वादाने झाला नाही. ‘मी उद्या येते’ या वाक्याला ‘मी टेकू देते’ या वाक्याने उत्तर दिले.

लूकच्या शुभवर्तमानात पवित्र मारिया डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथच्या घरी जाते. त्या भेटीतील स्तोत्र आपण जाणतो. परंतु वडीलधाऱ्या गर्भवतीने तरुण गर्भवतीला काय सल्ला दिला, यांतले एक अक्षरही लूकने लिहून ठेवलेले नाही. त्याने फक्त इतके नोंदविले की मारिया तेथे सुमारे तीन महिने राहिली. लेखक म्हणून त्याची निवड अचूक आहे, असे आम्हांस वाटते. सल्ल्याचा मजकूर काळाबरोबर बदलतो. राहणे बदलत नाही.

म्हणून या वाङ्मयप्रकाराविषयी आमचा अभिप्राय थोडक्यात असा. बाळंतघरातील बोल पारखताना दोन कसोट्या लावाव्यात. बोल खरा आहे काय, हे वैद्यकाला विचारावे, आणि वैद्यकाचे उत्तर मानावे. तेथे मायेची सबब चालणार नाही. आणि त्या वाक्यात ‘मी’ आहे काय, हे स्वतःला विचारावे. तेथे ज्ञानाची सबब चालणार नाही. दुसऱ्या कसोटीला आमचे त्या मेळाव्यातील भाषण उतरले नाही. पाणी कोण भरील, या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजही त्या स्त्रीचे देणे लागतो. पुढच्या मेळाव्यात बाळंतिणींविषयी बोलण्याची वेळ आली, तर आधी गावातील कोणत्या चार घरांतून कोणत्या दिवशी हंडा जाईल याची यादी करून मगच आम्ही तोंड उघडू.